शुक्रवारची माती

माझा भाऊ श्रीमंत परदेश खात्यात लागला तेव्हा आमच्या वडिलांनी गावभर सांगितलं, की पोरगा वकिलातीत आहे. गावाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पहिल्या सुट्टीत दादा घरी आला तर ओट्यावर बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन माणसं बसलेली. दादाने त्यांना वकिलात म्हणजे काय ते सविस्तर समजावलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "मंग तारीख कवाची घ्येताय?" ही गोष्ट सांगून दादाने पुढे देशोदेशीच्या जेवणावळींत लोकांना हसवलं. मला ती सांगणारा दादा कधी आवडला नाही, कारण त्या माणसांचं काम त्याने शेवटपर्यंत केलंच नव्हतं.

मी त्याची धाकटी बहीण, ज्योती. शेवगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, निवृत्त झाले, आता नगरजवळ केडगावला राहते. दादा जग फिरला आणि मी एसटीने एवढाच तालुका फिरले, असं तो चिडवायचा. तो आधी कुठल्याशा बर्फाळ देशात होता, मग आफ्रिकेत, आणि शेवटी आखातातल्या एका छोट्या देशात राजदूत झाला. तिथे त्याची खरी कसोटी लागली, असं तो स्वतःच म्हणायचा. राजदूताचं निम्मं काम जेवणावळींचं आणि निम्मं पेट्यांचं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पेट्या म्हणजे शवपेट्या. आपल्याकडचे मजूर तिथे उंचावरून पडून, उन्हाने, झोपेत छाती धरून मरायचे, आणि त्यांना घरी पाठवायचं काम वकिलातीकडे यायचं. पोलिसांचा दाखला, दवाखान्याचा दाखला, मालकाची सही, विमानात जागा. दादाने एक शिस्त घालून दिली होती: कागद पूर्ण झाले की पहिल्या विमानाने पेटी निघालीच पाहिजे. कुणी ढिलाई केली तर तो हाताखालच्यांना फाडून खायचा. "तिकडे चूल पेटलेली नसते," एवढंच म्हणायचा. या एका गोष्टीसाठी मी त्याला मनातून मान द्यायचे, आणि म्हणूनच पुढचं सगळं सांगताना मला त्याचा जास्त राग येतो.

निवृत्तीनंतर तो पुण्यात राहिला, आणि वर्षभरात कंटाळला. सलाम बंद झाले की या माणसांना करमत नाही. पुस्तक लिहितो म्हणाला, ते झालं नाही. मग एका पक्षाला आमच्या मतदारसंघात नवा, स्वच्छ चेहरा हवा होता, आणि दादाचा चेहरा तर फारच स्वच्छ होता, त्याला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इथली धूळच लागली नव्हती. विधानसभेचं तिकीट मिळालं, आणि तिकिटाबरोबर काकासाहेब मिळाले.

काकासाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या निवडणुका लढवल्या होत्या. पांढरीशुभ्र टोपी, तोंडात लवंग, आणि कुठल्या गावात कोण कुणाचा मेव्हणा लागतो ते सगळं डोक्यात. त्यांनी दादाला पहिल्याच दिवशी धडा दिला. लग्नाला उशिरा गेलात तर लोक हसून घेतात, पण मातीला आला नाहीत तर घरातलं शेंबडं पोर मोठं होईपर्यंत लक्षात ठेवतं. आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात, मग दहन असो की दफन. पुढारी मातीला हजर राहतो, खांदा देतो, दहाव्याच्या दिवशी माइक धरून श्रद्धांजलीची दोन वाक्यं बोलतो. आमच्या भागात पुढारीपण तिथे मोजलं जातं. दादाला हे जमण्यासारखं होतं. दुःखाच्या प्रसंगी योग्य चेहऱ्याने उभं राहण्याचा सराव त्याला सरकारनेच दिला होता.

बोलणं मात्र जमेना. एकदा मी त्याला आरशासमोर "हाय", "न्हाई", "व्हय" असं घोकताना पकडलं. मी म्हटलं, दादा, हे बंद कर, तू नाटकातला पाटील वाटतोस. तो ओशाळला. मग ठरलं, की बायांमध्ये मी बोलायचं आणि त्याने हात जोडायचे. अशा रीतीने मीही प्रचाराला लागले. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. गावोगाव माझे जुने विद्यार्थी भेटत होते, बाई बाई करत पाया पडत होते, आणि दादाला पहिल्यांदाच माझ्या ओळखीवर जगावं लागत होतं.

दिवाळी होऊन गेली होती. पूर्वेकडच्या गावांतली निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला गेलेली. त्या गडबडीत एका रविवारी रंगुबाईच्या अंगदची बातमी आली.

अंगद माझा विद्यार्थी. आई-बाप तोडीला जायचे तेव्हा पोरं बरोबर न्यायचे, शाळा बुडायची. मी रंगुबाईशी भांडून भांडून अंगदला मागे आजीजवळ ठेवायला लावलं होतं. अभ्यासात बेताचाच, पण वर्गातली मोडकी कडी, सैल बिजागरी त्याच्या नजरेतून सुटायची नाही. मोठेपणी वेल्डर झाला. बाप वारल्यावर आईला म्हणाला, आता तू कोयता धरायचा नाही, आणि आखातात गेला. लग्न झालं होतं, बायको आरती नुकतीच बारावी झालेली पोर. शनिवारी कामावरून येऊन झोपला तो उठलाच नाही. दादा राजदूत होता त्याच देशात हे झालं होतं.

आम्ही त्याच दिवशी तिच्या घरी गेलो. रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "बाई, तुमचं भाऊ तिथं सायेब हुते म्हनं. माझा अंगद आना. मला त्याचं त्वांड बघायचंय." दादा तिच्यासमोर खाली बसला, खुर्ची नको म्हणाला, आणि तिथूनच त्याने फोन लावला. वकिलातीत आता हे काम शॅरन नावाची मुलगी बघत होती. तीही नगरचीच, दादाच्या हाताखाली शिकलेली. फोनवर तो ज्या आवाजात बोलला तो ऐकून मला माझ्या भावाचा अभिमान वाटला. हे मी लपवत नाही.

आमच्याकडे माती होईपर्यंत घरात चूल पेटवत नाहीत. शेजारच्या घरांतही त्या दिवशी पेटत नाही. पण माणूस परदेशात गेलेला, किती दिवस थांबणार? जाणत्या माणसांनी सांगितलं, की गल्लीने आपापलं करून खावं आणि या घरात पलीकडच्या आळीतून भाकरी याव्यात. आरतीला बळजबरीने दोन घास भरवले. रंगुबाई चहावर राहिली.

मंगळवारी संध्याकाळी शॅरनचा फोन आला. दादा आणि काकासाहेब गाडीत होते, मी नव्हते. तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे फार उशिरा कळलं, पण ते इथेच सांगायला हवं. शॅरन म्हणाली, सर, कागद पूर्ण झाले, बुधवारच्या विमानात जागा मिळाली आहे. दादाने काकासाहेबांना तसं सांगितलं. काकासाहेबांनी बोटांवर हिशेब केला. बुधवारी विमान, म्हणजे गुरुवारी सकाळी माती. गुरुवारी शेवगावात मोठ्या नेत्यांची सभा, दादाला सकाळपासून हलता येणार नाही. म्हणजे मातीला समोरचा उमेदवार जाणार, खांदा देणार, आणि मेहनत आपली. "दोन दिसांनी काय बिघडतंय सायेब? गेलेला मानूस तर गेलाच हाय," काकासाहेब म्हणाले.

दादाने शॅरनला सांगितलं, की बुधवार नको, शुक्रवार पहाटेच्या विमानाचं बघा. तिने कारण विचारलं. तिला ते विचारायला दादानेच शिकवलं होतं. दादा म्हणाला, "घरच्यांची तशी इच्छा आहे."

गुरुवारची सभा चांगली झाली. शुक्रवारी दुपारी मुंबईहून रुग्णवाहिका गावात आली तेव्हा दादा वेशीपाशी उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी. गाव लोटलं होतं. पेटी उतरवायला पुढे झालेली माणसं एकदम थबकली आणि एकाने नाकाला उपरणं लावलं. पेटी दवाखान्यातून बुधवारीच बाहेर काढलेली होती आणि ते दोन दिवस विमानतळाच्या गोदामात पडून होती. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. दादाला पहिल्या श्वासात कळलं असणार, त्याने अशा पेट्या थोड्या नव्हत्या बघितल्या.

रंगुबाई पेटीवर पडली. झाकण काढा म्हणाली, मला बघू द्या म्हणाली. बायांनी तिला धरलं. माणसं दादाकडे बघू लागली, कारण यातलं कळणारा तोच एक. दादा पुढे झाला, तिच्यापुढे हात जोडले आणि शांत आवाजात म्हणाला, "मावशी, सरकारी नियम आहे. बाहेरून आलेली पेटी उघडता येत नाही." पोलीस पाटलाने मान हलवली, त्याला काय माहीत. साहेब म्हणतात म्हणजे असेल. दादाने खांदा दिला, आणि अंगदला पेटीसकट अग्नी दिला गेला. त्या खांद्याचा फोटो संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर होता.

मतदान पुढच्याच बुधवारी होतं. काकासाहेब दोन दिवसांनी पुन्हा त्या घरी गेले, आणि सुतकात बसलेल्या रंगुबाईसमोर मोबाईल धरून म्हणाले, दोन शब्द बोला. ती मनापासून बोलली. सायबांनी माझा अंगद आनला, त्यास्नी इसरू नका, मतदानाला या. तो आवाज मुकादमांच्या मोबाईलवरून सगळ्या ऊसतोडीच्या फडांवर गेला. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. मतदानाच्या आदल्या दिवसापासून टेम्पो भरभरून माणसं परत आली. दादा थोडक्यात निवडून आला, आणि त्याला तारलं ते पूर्वेकडच्या गावांनी. माझा भाऊ आमदार झाला. गुलालात माखलेला तो मला मिठी मारून रडला, तेव्हा मला वाटलं आनंदाने रडतोय.

दादा आमदार वाईट नव्हता, हेही सांगते. शेवगावच्या कार्यालयात बसायचा, लोकांचं ऐकायचा, अधिकाऱ्यांना सभ्य भाषेत घाम फोडायचा. रंगुबाई बाजाराच्या दिवशी यायची, कोपऱ्यात बसायची, कुणी नवीन माणूस दिसला की त्याला आपली कहाणी सांगून साहेबांचं नाव घ्यायची. काम काही नसायचं. ती आली की दादा आतल्या खोलीत जायचा. मला वाटायचं, साहेबी अंगात भिनलीय ती जाणार नाही. त्यावरून मी त्याला दोनदा टाकून बोलले. त्याने ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या अजिनाथची पेटी त्याच देशातून आली. या वेळी दादाने असा काही जोर लावला, की पेटी तिसऱ्या दिवशी दारात होती. नातेवाइकांनी झाकण काढलं. अजिनाथच्या आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, केस सारखे केले. रंगुबाई मातीला आली होती. तिने ते सगळं पुढे उभं राहून पाहिलं, आणि तशीच घरी गेली.

घरी जाऊन तिने ट्रंकेत ठेवलेलं आरतीचं मंगळसूत्र काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. तिचा हिशेब सरळ होता. पेटी उघडायची नसते असा नियम असता तर अजिनाथची उघडली नसती. म्हणजे साहेबांना नियमाचं निमित्त करावं लागलं. म्हणजे पेटीत अंगद नव्हता, दुसरंच कुणीतरी होतं. साहेबांनी आईला धक्का बसू नये म्हणून लपवलं. अंगद तिकडे जिवंत आहे, कुठल्यातरी तुरुंगात असेल, आणि साहेब त्याला शोधतायत. दादावर ती जराही चिडली नाही. त्याच्यावरचा तिचा विश्वास उलट वाढला. बाजाराच्या दिवशी आली आणि हळूच म्हणाली, सायेब, मला कळलंय, तुमी शोधा, मी कुनाला सांगत न्हाई. दादा म्हणाला, बघतो. पुढच्या बाजारी ती पुन्हा आली, दादा पुन्हा बघतो म्हणाला. असे पावसाळ्याचे महिने गेले.

मला हे आरतीकडून कळलं. गणपती उठले त्या सुमारास ती केडगावला माझ्या घरी आली. नगरला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, माहेरची माणसं शिकवायला तयार होती, पण सासू म्हणते, नवरा येईपर्यंत घर सोडायचं नाही. सासूवर तिचा जीव होता, तिला एकटं टाकून पळावं असं तिला वाटत नव्हतं. पण भाजीला गेली की बाया गळ्याकडे बघतात आणि गप्प होतात. चहा तसाच ठेवून तिने विचारलं, "बाई, मला खरं सांगा. मी सवाष्ण हाय का न्हाई?"

एवढी वर्षं शिकवलं, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, दादाला विचारून सांगते. तिला रिक्षात बसवलं आणि दादाला फोन केला, असशील तिथून ये.

तो आला, सोफ्यावर बसला, आणि मी विचारायच्या आत बोलू लागला. जणू वाटच बघत होता. गाडीतला फोन, शुक्रवार, गोदाम, नियम, सगळं सांगितलं. सांगताना एकदाही काकासाहेबांवर ढकललं नाही, तेवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. म्हणाला, ज्योती, मी लोकांना ओरडायचो गं, की तिकडे चूल पेटलेली नसते. मला त्याची कीव आली आणि तितकाच संताप आला. मी म्हटलं, रड नंतर. तू एका बाईला तिच्या पोराचं तोंड बघू दिलं नाहीस ते एक, आणि आता त्या पोरीला ना धड विधवा ना धड सवाष्ण करून ठेवलंयस. तो म्हणाला, सांगितलं तर अंगद तिच्यासाठी दुसऱ्यांदा मरेल. मी म्हटलं, न सांगता तो रोज मरतोय, आणि तू आपली खुर्ची वाचवतोयस. यावर त्याने मान वर केली. खुर्चीचं नाही गं, म्हणाला, ती बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघते ना, ती नजर जाईल. मला वाटतं, ते खरं होतं, आणि मला ते खुर्चीपेक्षाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच गेलो. काकासाहेबांना सांगितलं नाही. पत्र्याच्या घरात उकडत होतं. आरतीने पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसली. रंगुबाईला वाटलं साहेब बातमी घेऊन आले. तिचा चेहरा बघून मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दादा बोलू लागला. "मावशी, त्या वेळी काही अपरिहार्य कारणांमुळे..."

"दादा," मी म्हटलं, "सरळ सांग."

मग त्याने सरळ सांगितलं. "पेटीत अंगदच होता. तो बुधवारी येणार होता, मी थांबवला. गुरुवारी माझी सभा होती आणि मला मातीला हजर राहायचं होतं. दोन दिवस पेटी गोदामात राहिली. त्यामुळे त्याचं तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. नियम काही नव्हता, ते मी खोटं बोललो."

रंगुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "त्या गोदामात सावली हुती का?"

"मला माहीत नाही मावशी. मी विचारलं नाही."

ती यावर रडली नाही. तिने फक्त मान हलवली, दोन-तीनदा, समजल्यासारखी. मग आरतीला म्हणाली, "काढ बाय ते." आरतीने हात मानेमागे नेले पण तिला आकडा सापडेना. मी उठले आणि मागून तो आकडा सोडवला. वर्गात किती पोरींच्या वेण्या घालून दिल्या असतील मी, पण माझ्या हातांना हे काम यावं असं कधी मनात आलं नव्हतं. आरतीने मंगळसूत्र माझ्या हातातून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून आत गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं.

दादाचेही डोळे भरले होते. तो म्हणाला, की पुढच्या महिन्यात अंगदचं वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी सगळ्या गावासमोर माइकवर मी हे सांगतो आणि राजीनामा देतो. हे तो ठरवून आला होता, मलासुद्धा बोलला नव्हता. मला वाटलं, चला, शेवटी माणूस झाला.

"न्हाई," रंगुबाई म्हणाली.

दादाला वाटलं तिला कळलं नाही. तो पुन्हा समजावू लागला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"सांगून तुमी मोकळं व्हाल सायेब. माझं काय? माझा आवाज समद्या फडांवर गेल्ता. सुतकात बसून मी तुमच्यासाठी मतं मागितली. बाया कोयतं टाकून, पोरं काखंत घिऊन आल्या, माझ्या शब्दावर. त्यास्नी काय सांगू? लोक म्हनतील, पोराची माती केली आन् वर त्याच्यावर मतं गोळा केली बाईनं." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "मला ठावं नव्हतं, ह्ये कोन मानंल? तुमी बोलायचं न्हाई. वर्षश्राद्धाला यायचं. म्होरं बसायचं. मी तुमचं नाव घेईन, ते ऐकायचं. दर साली घेईन."

दादा म्हणाला, मावशी, मला हे झेपणार नाही. ती म्हणाली, "झेपंल."

परत येताना शेवगाव मागे पडल्यावर मी दादाला म्हटलं, तिचं न ऐकता सांगून टाक, तर तो म्हणाला, मी तिच्या नावाने एकदा खोटं बोललोय ज्योती, आता तिच्या शब्दाबाहेर जाऊन खरंही बोलू शकत नाही. माझा भाऊ पापी आहे की बिचारा, ते मला अजूनही ठरवता येत नाही. सोपं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं.

वर्षश्राद्धाला मांडव घातला होता. तोडीला गेलेली माणसं सोडून सगळं गाव होतं, शिवाय आमदार येणार म्हणून आजूबाजूची गावं. कीर्तन झालं, फुलं वाहिली गेली. सरपंच बोलले, काकासाहेब बोलले, आणि बोलताना त्यांना खरंच भरून आलं. आरती माझ्या शेजारी बसली होती. तिचं नर्सिंग सुरू झालं होतं, सासूनेच तिला बॅग भरून नगरच्या गाडीत बसवलं होतं. दादा पहिल्या रांगेत मधोमध. त्याला बोलायची विनंती झाली तेव्हा त्याने हातानेच नको म्हटलं, आणि साहेब किती हळवे आहेत अशी मागे कुजबुज झाली.

मग रंगुबाई उठली. बायका सहसा माइकवर येत नाहीत, पण तिला कोण अडवणार. तिने माइक दोन्ही हातांत धरला आणि लोकांकडे न बघता दादाकडे बघत बोलू लागली.

"माझा अंगद तिकडं गेला. लोकांची मानसं आठ-आठ दिस तिकडं पडून ऱ्हात्यात. माझ्या पोरासाठी सायबांनी रात म्हनली न्हाई, दिस म्हनला न्हाई. कागद झालं की पयल्या इमानानं आनला. येक दिस बी वाया जाऊ दिला न्हाई. ह्या मानसाला इसरू नका."

मांडवात टाळ्या पडल्या. काकासाहेबांनी खुणावलं, तसा दादा उठला. मागे वळून त्याने सगळ्या गावाला हात जोडले, आणि टाळ्या थांबेपर्यंत त्याला तसंच उभं राहावं लागलं.